मराठवाड्यातील लहान घरासाठी कूलर की एसी: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

होळीनंतर ऊन चढू लागले की मराठवाड्यातल्या प्रत्येक बाजारपेठेत दुकानांपुढे कूलर रांगेने मांडले जातात आणि नव्याने संसार थाटलेल्या कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो, की यंदा कूलर घ्यावा की हप्ते बांधून एसी बसवावा. बहुतेक घरांत याचे उत्तर शेजाऱ्याने काय घेतले आणि दुकानात कोणती सवलत चालू आहे यावरून ठरते. ते ठरायला हवे वेगळ्याच गोष्टींवरून: आपल्या गावची हवा कोणत्या महिन्यात किती कोरडी असते, घरात वापराचे पाणी किती येते, खोलीला बाहेरची हवा कुठून मिळते आणि त्या खोलीत झोपणार कोण. हा लेख एक-दोन खोल्यांच्या घरात किंवा लहान फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि असे यंत्र पहिल्यांदाच विकत घेणाऱ्या वाचकांसाठी आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच तपासाव्यात, कारण आधीच्या पायरीवर मिळालेले उत्तर पुढच्या पायरीचे काम पुष्कळदा हलके करते.

पहिली पायरी: दोन्ही यंत्रे काय करतात ते समजून घ्या

कूलरमध्ये थंडावा निर्माण करणारे वेगळे यंत्र नसते. पंप टाकीतले पाणी गवतावर किंवा मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेल्या हनीकोंब पॅडवर सोडतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या थरातून ओढतो आणि पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता त्या हवेतूनच घेतली जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने कूलरची हवा गार होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते, म्हणजे कूलरचे खरे इंधन वीज नसून पाणी आहे. या व्यवहारात हवेतला ओलावा वाढतो, म्हणून ती हवा खोलीतून बाहेर जाऊ देणे भाग असते.

एसीचे काम याच्या उलट आहे. तो खोलीतली तीच ती हवा पुन्हा पुन्हा थंड नळ्यांवरून फिरवतो, तिच्यातली उष्णता गॅसमार्फत बाहेरच्या युनिटकडे नेऊन सोडतो आणि हवेत जास्तीचा ओलावा असेल तर तो पाण्याच्या रूपाने काढून टाकतो. त्याला पाणी लागत नाही, मात्र कॉम्प्रेसर चालवण्यासाठी वीज बरीच लागते आणि खोली बंद असावी लागते. एकाला उघडी खिडकी हवी आणि दुसऱ्याला बंद, एवढ्या फरकातूनच पुढचे अनेक निर्णय होतात. एकाच खोलीत दोन्ही एकदम चालवू नयेत, हेही याच कारणाने. कूलरने हवेत घातलेला ओलावा बाहेर काढण्यातच एसीची बरीच शक्ती खर्च होते.

दुसरी पायरी: आपल्या गावची हवा मोजा

कूलर किती थंड करील हे त्याच्या किमतीवर कमी आणि हवेच्या कोरडेपणावर जास्त अवलंबून असते. मराठवाडा समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर आहे, त्यामुळे मार्च ते मे या काळात दुपारची हवा फार कोरडी असते आणि ही गोष्ट कूलरच्या दृष्टीने फारच अनुकूल आहे. मुंबईच्या दमट हवेत कूलर वापरून कंटाळलेल्या नातेवाइकाचा सल्ला परभणीत किंवा जालन्यात लागू पडत नाही, तो याचमुळे.

घरच्या घरी मोजण्याची एक पद्धत आहे. शाळा-महाविद्यालयांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून काचेचा साधा तापमापक आणावा. ताप मोजायचा तापमापक येथे चालणार नाही. दुपारी बाहेर सावलीत त्यावरचे तापमान वाचावे. मग त्याच्या फुग्याला मलमलीची स्वच्छ, ओली चिंधी गुंडाळून टेबलफॅनच्या वाऱ्यात काही मिनिटे धरावे आणि पारा खाली येऊन स्थिरावला की पुन्हा वाचन घ्यावे. पहिले कोरडे तापमान आणि दुसरे ओले तापमान. या दोहोंतल्या फरकाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग चांगला कूलर कमी करू शकतो.

उदाहरणार्थ, मे महिन्याच्या दुपारी तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओले तापमान सुमारे २४ अंश येते. फरक १८ अंशांचा झाला. त्यातले साडेतेरा अंश वजा केले, तर कूलरच्या तोंडातून येणारी हवा साडेअठ्ठावीस अंशांच्या आसपास असेल. खोली प्रत्यक्षात त्याहून दोन-तीन अंश वर राहते, परंतु अंगावर वारा असल्यामुळे ती सुखाची वाटते. आता हाच हिशेब पावसाळ्यातल्या उघडिपीच्या दिवशी करून पाहावा. तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ओले तापमान सुमारे साडेसत्तावीस अंश असते, फरक जेमतेम साडेचार अंशांचा उरतो आणि कूलर साडेतीन अंश थंडाव्याच्या बदल्यात खोली चिकट करून ठेवतो. फरक दहा अंश किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा कूलर आपले काम चोख करतो. फरक पाच-सहा अंशांवर आला की पंप बंद करून नुसता पंखा चालवलेला बरा.

तापमापक मिळाला नाही, तर हवामान विभागाचे आकडे पाहावेत. विभाग आर्द्रतेची नोंद सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाच या वेळांना देतो. यांपैकी सायंकाळचाच आकडा आपल्या कामाचा आहे. सकाळची आर्द्रता नेहमीच जास्त असते आणि ती पाहून कूलर निरुपयोगी ठरवणे चुकीचे होईल.

थोडक्यात, होळी ते मृग हा कूलरचा काळ. रोहिणी नक्षत्राच्या अखेरीस ढग जमू लागले, की तोच कूलर दोन-तीन दिवसांत उतरल्यासारखा वाटतो. त्यात यंत्राचा दोष नसतो, हवा बदललेली असते. पाऊस पडल्यावर मराठवाड्यातल्या रात्री बहुधा पंख्यावर निभावतात. जूनमधले पावसाआधीचे दमट दिवस आणि पावसाने ओढ दिलेले भाद्रपदातले कडक ऊन एवढाच काळ असा उरतो, की ज्यात एसीला खरोखर पर्याय नसतो. वर्षातल्या तेवढ्या दिवसांसाठी मोठा खर्च करायचा का, हे प्रत्येकाने आपल्या प्रकृतीनुसार आणि ऐपतीनुसार ठरवावे.

गावागावांतही फरक आहे. परभणी, नांदेड आणि हिंगोली हा भाग तुलनेने सखल असल्यामुळे तेथे दुपारही जास्त तापते आणि रात्रही उशिरा निवते. लातूर, धाराशिव, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगर ही ठिकाणे उंचावर आहेत. तेथे एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर खिडक्या उघडल्या तर पुष्कळदा कोणतेच यंत्र लागत नाही.

तिसरी पायरी: पाण्याचा हिशेब मांडा

कूलर घेताना विजेचे बिल सगळे विचारतात आणि पाण्याचा प्रश्न कोणी काढत नाही. मराठवाड्यात तरी हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. मध्यम आकाराचा, तासाला सुमारे १५०० घनमीटर हवा फेकणारा कूलर मे महिन्याच्या दुपारी तासाला आठ ते नऊ लिटर पाणी वाफेवाटे उडवतो. रात्री हवा गार आणि थोडी दमट असल्यामुळे हे प्रमाण निम्म्यावर येते. दुपारचे पाच तास आणि रात्रीचे सहा तास धरले, तर दिवसाला ६० ते ८० लिटर, म्हणजे चार-पाच हंडे पाणी लागते. महिन्याचे ते सुमारे दोन हजार लिटर होते. पाच हजार लिटरच्या टँकरमधला हा मोठा वाटा आहे. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे, हे लक्षात घेतले तर कूलर हा घरातला एक जास्तीचा माणूस आहे असे समजूनच पाण्याची बेगमी करावी लागेल.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशी वेळ दरवर्षी येत नाही, पण मराठवाड्यातल्या अनेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही आणि अनेक गावांत एप्रिलनंतर विहिरी-बोअर तळ गाठतात. ज्या घरात उन्हाळ्यात पिण्याचे आणि वापराचे पाणी विकत घ्यावे लागते, त्या घराने कूलरच्या स्वस्ताईत टँकरचा पैसा मिळवून पाहावा. तसे केले, तर लहान खोलीपुरता एसी अनेकदा वाटतो तितका महाग पडत नाही. पाणी भरण्याचे श्रमही मोजावेत. हंडे उचलून टाकी भरण्याचे काम घरातल्या बाईच्या किंवा मुलांच्या वाट्याला येणार असेल, तर निर्णयात त्यांचे मत आधी घ्यावे.

पाण्याचा क्षार ही दुसरी अडचण. आपल्याकडे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतो, आणि टाकीत वरून नवे पाणी घालत राहिल्याने तो दिवसेंदिवस वाढत जातो. मग पॅडवर पांढरा थर बसतो, हवा अडते आणि थंडावा घटतो. दर दोन-तीन दिवसांनी टाकीतले उरलेले पाणी पूर्ण काढून टाकावे आणि ते फरशी पुसण्यासाठी किंवा संडासात वापरावे. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी कूलरमध्ये ओतण्याची पद्धत काही घरांत आहे. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला असला तरी त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात, त्यामुळे पॅड लवकर निकामी होतात.

चौथी पायरी: खोली, खिडकी आणि छत पाहा

कूलर बसवायचा तर त्याचे पॅड बाहेरच्या हवेत आणि तोंड खोलीत, अशीच रचना हवी. समोरच्या बाजूला खिडकी, झरोका किंवा दार निदान कूलरच्या तोंडाएवढे उघडे राहिले पाहिजे. चारी बाजूंनी बंद खोलीच्या आत कूलर ठेवला, तर तो आपलीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो आणि तासाभरात खोली दमट होऊन घाम वाळेनासा होतो. कूलर चांगला नाही अशी तक्रार ज्या घरांतून येते, त्यांतल्या बऱ्याच घरांत मला दोष या मांडणीत दिसला आहे. फ्लॅटमध्ये एकच खिडकी असेल आणि तीही डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या बंदिस्त पोकळीत, उघडत असेल, तर तेथे कूलरचा आग्रह धरू नये. रात्री सुरक्षिततेसाठी दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागत असतील, तर खिडकीला मजबूत ग्रील आणि डासांची जाळी बसवण्याचा खर्च कूलरच्या खर्चातच धरावा.

एसीसाठी नेमकी उलट तपासणी करावी. दाराखालची फट, खिडकीच्या न मिळणाऱ्या झडपा, भिंत आणि पत्रा यांच्यामधली मोकळी जागा, यांतून थंड हवा निघून जाते. वाळूज किंवा अन्य औद्योगिक वसाहतींच्या आसपास पत्र्याच्या छताच्या अनेक खोल्या भाड्याने दिल्या जातात. अशा खोलीत वरून तापलेला पत्रा आणि कडेने उघड्या फटी असताना एसी बसवला, तर तो अखंड चालूनही खोली निवत नाही. तेथे खिडकीतला कूलर आणि पत्र्याखाली छताचा एक थर हाच मार्ग जास्त उपयोगी आहे. जुन्या माळवदाच्या घरांची गोष्ट वेगळी. जाड भिंती आणि मातीचे छत यांमुळे त्यांत दुपारी मुळातच गारवा असतो, तेथे कूलरसुद्धा लहान पुरतो.

खरी अडचण स्लॅबच्या घरांची आहे. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो, त्यामुळे बाहेर हवा निवली तरी आत भट्टी राहते. कूलर असो वा एसी, कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग दोन हात द्यावा, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरच्या बाजूने पडदा किंवा ताटी लावावी आणि रात्री उशिरा समोरासमोरच्या खिडक्या उघडून तापलेली हवा जाऊ द्यावी. हे काम होळीच्या आधी करावे आणि आठवडाभर थांबून खोलीतला फरक पाहूनच यंत्राचा आकार ठरवावा. या खर्चाकडे पुष्कळजण दुर्लक्ष करतात. माझ्या मते लहान घरासाठी उन्हाळ्यातला सर्वांत सार्थ खर्च हाच आहे, कारण तो यंत्राचा आकारही कमी करतो आणि पुढे दरमहा बिलही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी, विशेषतः लातूर किंवा नांदेड येथे शिक्षणासाठी खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी, आधी घरमालकाशी बोलून घ्यावे. एसीसाठी भिंतीला भोक पाडावे लागते, बाहेरचे युनिट टांगावे लागते आणि कित्येकदा वायरही बदलावी लागते. खोली सोडताना एसी काढून दुसरीकडे बसवण्याचा खर्च पुन्हा येतो, आणि त्यात गॅस गळण्याची शक्यता असते. वर्ष-दोन वर्षांच्या मुक्कामासाठी उचलून नेता येणारा कूलर बरा.

पाचवी पायरी: त्या खोलीत कोण राहणार आहे

ही पायरी लहान आहे, पण तिचे उत्तर बाकी साऱ्या हिशेबावर मात करते. घरात अंथरुणाला खिळलेली व्यक्ती, हृदयविकाराचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण, अगदी लहान बाळ किंवा वृद्ध माणसे असतील, आणि दुपारी खोलीचे तापमान कूलर लावूनही ३४-३५ अंशांच्या खाली येत नसेल, तर एका खोलीत एसी बसवावा आणि बिलाची तजवीज करावी. दम्याच्या रुग्णाला कूलरच्या जुन्या, कुबट पॅडमधून येणाऱ्या हवेचा त्रास होऊ शकतो, तसाच तो एसीच्या न धुतलेल्या जाळीचाही होतो. तेथे यंत्र कोणते यापेक्षा स्वच्छता कशी राहील ते पाहावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगाराला मे महिन्याच्या दुपारी झोप हवी असते, त्याचीही गरज इतरांहून वेगळी धरावी.

सहावी पायरी: वीज, भार आणि भारनियमन

महावितरणच्या घरगुती आकारणीत पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्यातल्या युनिटांना वरचा दर लागतो. त्यामुळे नवे यंत्र किती युनिट खाते एवढेच न पाहता, ते युनिट कोणत्या टप्प्यात पडतात हे पाहावे. समजा, आपल्या घराचा वापर महिन्याला ९० युनिट आहे. १८० वॅटचा कूलर रोज १२ तास चालवला, तर महिन्याला सुमारे ६५ युनिट वाढून बेरीज १५५ होते. एक टनाचा (टन हे येथे थंड करण्याच्या क्षमतेचे माप आहे, वजनाचे नव्हे) इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा एसी, रात्रीचे आठ तास चालवला, तर उन्हाच्या तीव्रतेनुसार रोज चार ते सहा युनिट धरावेत, म्हणजे बेरीज २१० ते २७० पर्यंत जाते. दीड टनाचा एसी दुपारीही चालू लागला, की ३०० ची रेघ सहज ओलांडली जाते. आपल्या बिलावर छापलेले दर घेऊन हा हिशेब कागदावर मांडावा.

बिलावर मंजूर भारही, म्हणजे घराने एका वेळी किती वीज ओढावी याची मर्यादाही, लिहिलेला असतो. एसीमुळे घराचा एकूण भार त्याहून वर जात असेल, तर वाढीव भारासाठी आधी अर्ज करावा. ज्या गावात संध्याकाळी बल्ब मंद होतात, तेथे कमी दाबामुळे कॉम्प्रेसर सुरूच होत नाही किंवा वारंवार बंद पडतो. कोणत्या व्होल्टेजपासून कोणत्या व्होल्टेजपर्यंत एसी चालतो हे त्याच्या पुस्तिकेत पाहून गरजेप्रमाणे स्टॅबिलायझर घ्यावा. भारनियमनाच्या किंवा वादळाने खंडित होणाऱ्या विजेच्या गावात कूलरची एक बाजू फार भक्कम आहे: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या घरगुती बॅटरीवर १८० वॅटचा कूलर साधारण पाच-सहा तास चालू शकतो. बॅटरीच्या घरगुती इन्व्हर्टरवर एसी, मग तो इन्व्हर्टर एसी असला तरी, चालत नाही. कूलर इन्व्हर्टरवर चालवण्यास योग्य आहे की नाही, हे दुकानात विचारून घ्यावे.

आता निवड कशी करावी

वरील उत्तरे एकत्र मांडली की निर्णय बहुधा आपोआप समोर येतो. खिडकी बाहेर उघडते, उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच हंडे पाणी सुटते आणि घरात विशेष काळजी घ्यावी असा रुग्ण नाही, अशा घराने निःशंकपणे कूलर घ्यावा. मराठवाड्यातल्या लहान घरांपैकी पुष्कळ घरे याच वर्गातली आहेत. खोली बंदिस्त आहे, पाणी विकतचे आहे किंवा प्रकृतीचा प्रश्न आहे, अशा घराने लहान एसी घ्यावा. दोन खोल्यांच्या घरात बैठकीला कूलर आणि झोपण्याच्या एकाच खोलीला एक टनाचा एसी ही विभागणी चांगली चालते, परंतु दोन्ही एकाच वर्षी घेण्याची घाई करू नये. पहिल्या उन्हाळ्यात कूलर चालवून पाहावा आणि कोणत्या रात्री तो कमी पडला याची कॅलेंडरवर खूण करत जावी. अशा रात्री थोड्याच निघाल्या तर पैसे वाचले.

कूलर विकत घेताना

खोलीचे घनफळ काढावे. १० फूट रुंद, १२ फूट लांब आणि १० फूट उंच खोलीत १२०० घनफूट हवा असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही सगळी हवा दीड-दोन मिनिटांत एकदा बदलली पाहिजे, म्हणजे मिनिटाला ६०० ते ८०० घनफूट, किंवा तासाला सुमारे १००० ते १३५० घनमीटर हवा फेकणारा कूलर हवा. वरच्या मजल्यासाठी १५०० घनमीटरपर्यंत जावे. टाकीच्या लिटरवरून कूलर मोठा ठरवू नये. मोठ्या टाकीने पाणी भरण्याच्या खेपा कमी होतात, थंडावा वाढत नाही.

स्थानिक कारागिरांनी बनवलेला पत्र्याचा कूलर हवा भरपूर फेकतो, दुरुस्त करायला सोपा असतो आणि त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात. मात्र तो गंजतो, आवाज करतो आणि विजेच्या दृष्टीने जास्त जपावा लागतो. प्लॅस्टिकचा कूलर हलका आणि तुलनेने सुरक्षित असतो. पॅडमध्ये गवताचे किंवा वूडवूलचे (लाकडाच्या बारीक तंतूंचे) पॅड स्वस्त असतात, पण दर हंगामाला बदलावे लागतात. हनीकोंब पॅड महाग असले तरी काही हंगाम टिकतात आणि थंडावाही थोडा अधिक देतात. जड पाण्याच्या गावात मी गवताचाच पॅड सुचवीन, कारण क्षार बसलेला महागडा हनीकोंब टाकताना जीव होत नाही आणि मग तो तसाच वापरला जातो. वाळ्याच्या पॅडचा सुगंध हवाहवासा असतो. बजेटमध्ये बसत असेल तर जरूर घ्यावा.

एसी विकत घेताना

वर दुसरा मजला असलेल्या १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन पुरतो. त्याच खोलीवर तापणारा स्लॅब असेल किंवा खोली १५० चौरस फुटांची असेल, तर दीड टन घ्यावा. एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान असताना मोजलेली असते. परभणीत किंवा नांदेडात पारा ४४ अंशांजवळ गेला, की तोच एसी तितकी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. म्हणून हिशेब अगदी काठावर आला तर मोठा आकार निवडावा.

वीजबचतीचे तारे दाखवणाऱ्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवर वर्षाच्या युनिटांचा जो आकडा असतो, तो १६०० तासांच्या वापरासाठी असतो. होळी ते मृग रात्री आठ तास वापर धरला तर आपले तास त्याच्या निम्म्याहून कमी भरतात, म्हणून फक्त महिना-दीड महिना एसी वापरणाऱ्या घराला पाच ताऱ्यांसाठी दिलेली जास्तीची किंमत वसूल होण्यास बरीच वर्षे लागू शकतात. तारे मोजताना लेबलवरचे वर्षही पाहावे, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक केले जातात आणि जुन्या लेबलवरचे पाच तारे नव्या पाचाइतके नसतात.

बसवताना बाहेरचे युनिट शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, सावलीत पण मोकळ्या हवेत असावे आणि त्याची गरम हवा कोणाच्या कूलरच्या पॅडवर जाऊ नये. नळ्या जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा काढल्याशिवाय गॅस सोडू देऊ नये. हे काम घाईत टाळले जाते आणि पुढे कॉम्प्रेसरला त्याची किंमत मोजावी लागते. दीड टनासाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू होतात. तेथून तो २६-२७ अंशांवर न्यावा आणि छताचा पंखा सावकाश चालू ठेवावा. प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. आपल्याकडच्या धुळीमुळे जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी.

कूलरची सुरक्षितता: येथे तडजोड नको

कूलरमध्ये पाणी आणि वीज एकमेकांच्या अगदी जवळ असतात. कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि त्यांत लहान मुलेही असतात. पाणी भरण्यापूर्वी केवळ बटण बंद न करता प्लग काढावा, पायांत कोरडी चप्पल असावी आणि ओल्या हाताने कूलरला स्पर्श करू नये. तीन पिनांचाच प्लग वापरावा. तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवलेला पत्र्याचा कूलर घरात ठेवूच नये. पंपाची वायर दर हंगामाच्या सुरुवातीला तपासून घ्यावी, कारण उंदीर आणि ऊन दोन्ही तिला खातात. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तर गळतीचा प्रवाह वाहू लागताच वीज तुटते आणि जीव वाचू शकतो. पैसे कमी असतील तर कूलर लहान घ्यावा, पण हे उपकरण वगळू नये.

उन्हाळ्यात जमीन वाळते आणि तिच्याबरोबर अर्थिंगही कमजोर होते. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे आणि हंगामाआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्यावे. कूलर खिडकीबाहेर गल्लीत किंवा ओट्यावर येत असेल, तर जाता-येता मुलांचा हात लागणार नाही असे कठडे किंवा जाळी लावावी.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून तिच्या आतल्या भिंती ब्रशने घासाव्यात आणि ती उन्हात कोरडी होऊ द्यावी. नुसते पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरड्या टाकीतही कित्येक महिने जिवंत राहू शकतात.

मृगाचा पाऊस स्थिरावला की कूलर खिडकीतून काढावा. गवताचे पॅड टाकून द्यावेत, हनीकोंब असेल तर पाण्यात व्हिनेगर मिसळून त्यावरचा क्षार सोडवावा, टाकी घासून वाळवावी, पंप काढून कोरड्या कापडात गुंडाळून घरात ठेवावा आणि पत्र्याच्या कूलरला गंज दिसेल तेथे रंग लावावा. पुढच्या वर्षीचे पॅड आणि पंप माघातच आणून ठेवावेत. होळीनंतर दुकानात गर्दी होते, भाव चढतात आणि बसवून देणारा माणूस आठ-आठ दिवस हाती लागत नाही.